लिंबासाठी कडी

माप घेताना मी माणसाला आधी सायकलवर बसवत नाही. रस्त्यापलीकडे रसवंती आहे, तिथपर्यंत चालत जाऊन परत यायला सांगते. कोणता खांदा खाली जातो, कोणती टाच आधी टेकते, गुडघा किती वळतो, हे सगळं तेवढ्या चाळीस पावलांत दिसतं. फूटपट्टी नंतर. ही रीत माझ्या वडिलांची, कचरूबापूंची. ते चौथी शिकलेले होते आणि अंबडमध्ये सायकलींच्या मोडलेल्या दांड्या पितळेने झाळून द्यायचे. "माणूस उभा राहिला की खोटं बोलतो, चालला की खरं बोलतो," असं ते म्हणायचे. मी जालन्याला भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं, एक वर्ष तासिका तत्त्वावर शिकवलं, आणि मग त्यांच्याकडे परत येऊन झाळायला शिकले. बापूंना जाऊन सहा वर्षं झाली. ते सायकली दुरुस्त करायचे. मी नव्या फ्रेम बांधते. बाजारातली सायकल ज्यांच्या अंगाला बसत नाही, अशा लोकांसाठी.

प्रांजली रसवंतीपर्यंत गेली आणि परत आली. सोळा वर्षांची, सडपातळ. चालण्यात दोष काहीच नव्हता.

"वाढतं अंग हाय," बाकावर बसलेली तिची आई, आसराबाई, म्हणाली. "माप जरा ढिलं ठेवा."

"वहिनी, सायकल म्हणजे झंपर नाही, पुढच्या वर्षी उसवायला."

"मंग तुमी कशाला हाव? पुढच्या साली पाइप वाढवून द्या की वाईच."

ती हसली. मी मान खाली घालून कागदावर आकडे लिहीत राहिले. आसराबाई हसते तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही. तिचा नवरा बिभीषण चौदा महिन्यांपूर्वी माझ्या हातच्या सायकलवरून पडून गेला.

"दहावीला ब्याऐंशी टक्के पडले," ती सांगत होती. "सायन्सला घातलंय हितंच. पण कॉलेज साडेदहाचं अन् एसटी येती अकराला. मी म्हणलं, सायकल घेऊ. तर ही न्हाईच म्हणून राह्यली."

"मी चालत जाईन," प्रांजली म्हणाली.

"सात किलोमीटर?"

"मैत्रिणी जातात."

"कोण जातं? एकीचं नाव सांग."

आसराबाई माझ्याकडे वळली.

"तुमी ध्यान देऊ नका तिच्याकडं. जल्दी करून द्या, एवढंच. अन् एक बराबर लक्षात ठेवा. ती कडी. त्यांच्या सायकलीला लावल्ती तशी. बिलकुल तिथंच. ह्या टायमाला माझा एक बी शनवार चुकायचा न्हाई."

माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती तिथेच राहिली.

माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात आजवर बांधलेल्या प्रत्येक फ्रेमचं चित्र आहे, नळ्यांच्या लांब्या आणि कोन लिहिलेले आहेत. एकूण त्रेसष्ट. सातव्या पानावर पिठाच्या गिरणीवाल्यासाठी केलेली डबल दांडीची फ्रेम आहे. तिच्यावर दोन पोती बसतात, पण ती रेड्यासारखी वळते. एकोणिसावी अंगणवाडीच्या गिरिजाबाईंची. त्यांची उंची साडेचार फूट. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवता आले, तेव्हा त्या उतरायलाच तयार नव्हत्या. अठ्ठाविसावी वाटूरच्या राजानंद गुरुजींची, त्यांना एकच हात आहे, म्हणून दोन्ही ब्रेक एकाच मुठीत आणले. बाजारात सायकली लाखांनी निघतात, आणि तरी माझ्याकडे महिन्याला एक तरी माणूस असा येई, ज्याच्यासाठी त्यातली एकही नसे. मला ते काम आवडायचं. माणसाच्या शरीराचं कोडं घालून कोणी दारात उभं राहावं आणि ते पोलादाच्या नऊ-दहा नळ्यांनी सोडवावं, याहून अधिक मी कधी मागितलं नाही.

एकेचाळिसावी बिभीषणची.

विहिरीच्या कामावर दगड पडून त्याचा उजवा गुडघा आखडला होता. मोटरसायकलला किक मारता येत नव्हती, ब्रेकवर पाय ठेवता येत नव्हता. पहाटे वस्तीवरून दुधाच्या दोन कॅन अंबडला आणायच्या, हा त्याचा धंदा. मी त्याला उजव्या पायडलचा दांडा आखूड करून दिला, म्हणजे त्या बाजूचा गुडघा कमी वळला तरी चालेल. वरची दांडी काढून टाकली, म्हणजे कॅन लावलेल्या असताना पाय वर न फेकता चढता येईल. बसून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "इंजिनेर बाई, आता सगळी नोकरी डाव्या पायाला. त्याचा पगार वाढवावा लागल."

वरची दांडी नसली की तिचाही भार खालच्या तिरप्या नळीवर येतो. हँडलखालच्या उभ्या नळीपासून पायडलपर्यंत उतरणारी ती नळी. म्हणून तिथे मी जाड पोलाद घेतलं होतं. बिभीषणचं वजन, दूध, कॅन, रस्त्यावरचे खड्डे, सगळं धरून हिशोब केला होता. हिशोब बरोबर होता. भोक हिशोबानंतर पडलं.

सायकल न्यायला तो आला तेव्हा आसराबाई बरोबर होती. तिच्या हातात लिंबू-मिरची आणि बारीक तार. गाडीला, दुकानाला, घराला सगळेच बांधतात. शनिवारी जुनं काढून चौकात टाकायचं, नवं बांधायचं. ती तार हँडलखाली गुंडाळू लागली. माझा रंग अजून ओला म्हणावा इतका ताजा होता. तार घासून रंग उडतो, तिथे गंज धरतो. मला नीटनेटकेपणाची हौस आहे. मी म्हणाले, "थांबा वहिनी, याला नीट जागा करते." तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला, वरच्या टोकापासून बोटभर अंतरावर तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, त्यात पितळेची छोटी कडी बसवून झाळली, रंगाचा हात दिला. दहा मिनिटांचं काम. आसराबाईने लिंबू तिथे अडकवलं आणि ते मध्यभागी, सरळ, कशालाही न घासता लोंबू लागलं. बिभीषण म्हणाला, "आता नजर लागली तर लिंबालाच लागल."

ती कडी लोकांना आवडली. पुढच्या दीड वर्षात आणखी सहा जणांनी मागून घेतली.

ताणलेल्या वस्तूला भोक पाडलं तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. हे मला माहीत होतं. आमच्या सरांनी ट्यूबची पट्टी ताणून, तिला खिळ्याने भोक पाडून वर्गात दाखवलं होतं, आणि मी परीक्षेत ते आकृतीसह लिहिलं होतं. सायकल खड्ड्यातून गेली की त्या नळीचं खालचं अंगच ताणलं जातं. तेही माहीत होतं. पण त्या दहा मिनिटांत मी नळीकडे बघत नव्हते, रंगाकडे बघत होते.

वस्तीकडून अंबडला येताना नाल्यावर पूल लागतो. त्याच्या अलीकडे उतार आहे. मागच्या एप्रिलमध्ये एका रविवारी पहाटे बिभीषण त्या उतारावर पडला आणि पुलाच्या कठड्यावर त्याचं डोकं आपटलं. दूध रस्ताभर झालं होतं. पंचनाम्यात लिहिलं, काहीतरी आडवं आलं असावं. सायकल पडल्यामुळे मोडली, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. दहाव्याला वस्तीवर गेले, बायकांमध्ये बसले. आसराबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "शनवार चुकला माझा. शनवार चुकला." तिचे सासरे, बिरूबाबा, बाहेर पुरुषांमध्ये बसून तेच सांगत होते: लिंबू बदललं नव्हतं, आदल्या दिवशीचा शनिवार सुनेचा चुकला होता. कोणी नाही म्हणत नव्हतं.

महिन्याने बिरूबाबा मोडकी सायकल टेम्पोत टाकून दुकानात घेऊन आले. "जोडून मिळल का? पोराच्या हातची वस्तू हाय."

मी ती उजेडात घेतली. नळी कडीच्या भोकातून तुटली होती. गोदावरीच्या वाळूत सापडणाऱ्या शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या भोकापासून दोन्ही बाजूंना पसरत गेल्या होत्या. तो भाग काळपट, गंजलेला होता. नळीच्या घेराचा जवळजवळ दोन तृतीयांश. उरलेला भाग तेवढा स्वच्छ आणि चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती रंगाच्या खाली, लिंबाच्या मागे, रोज थोडी थोडी वाढत गेली होती, सहा महिने, कदाचित आठ. चकचकीत भाग त्या पहाटेचा. सायकल पडल्यामुळे मोडली नव्हती. मोडल्यामुळे पडली होती.

"न्हाई का होणार?" बिरूबाबांनी विचारलं.

"नाही बाबा. ठेवून जा."

ते ठेवून गेले. मी त्यांना काहीही सांगितलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत मी त्या सहाही सायकली परत आणल्या. प्रत्येकाला सांगितलं, नवा रंग आला आहे, फुकट मारून देते. तीर्थपुरीचे रखमाजी उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "फुकट? दैवाबाई, आमच्या तीर्थपुरीत फुकट कोणी टाइम बी सांगत न्हाई. काय लफडं हाय ते बोला."

"लफडं काही नाही. रंग बघून घ्या."

"मंग लाल द्या. बायकू म्हणती, लांबून वळखू आलं पायजे, म्हंजी चहा टाकायला बरं."

त्यांच्या नळीला चीर सुरू झाली होती. भिंगातून दिसली, केसाएवढी. मी सहाही नळ्या कापून नव्या घातल्या, कड्या काढल्या, रखमाजींची फ्रेम लाल केली. ते खूश झाले, त्यांनी मला चिंचेचं मोठं मडकं पाठवलं. मी ते आजवर उघडलेलं नाही.

त्यानंतर वर्षभरात मी चारच फ्रेम बांधल्या. दुकानाच्या भिंतीवर एक चित्र लावलेलं आहे, गावोगाव फिरणाऱ्या आशा सेविकांसाठी पुढे पेटी असलेल्या सायकलचं. पेटी खाली, पुढच्या चाकाच्या पाठीमागे, म्हणजे बायका पडायच्या नाहीत. तशा वीस बांधायच्या होत्या. तीन वर्षांचं काम डोळ्यांपुढे होतं: आधी ही, मग भाजी विकणाऱ्या बायकांसाठी तीनचाकी, मग आयटीआयच्या मुलींना झाळायला शिकवायचं. चित्रात पेन्सिलने तिरपी नळी काढायला घेतली की हात तिथेच थांबतो. चित्र अजून दोन चाकं आणि एक पेटी एवढंच आहे.

दुकानात मी कागदावरून मान वर केली तेव्हा आसराबाई पिशवी सावरत उठत होती. "बियाणाच्या दुकानात जाऊन येते. तंवर हिचं माप होऊ द्या." आणि प्रांजलीला, "गप उभी राहा, बाईला तरास देऊ नको."

ती रस्ता ओलांडून गेल्यावर प्रांजली म्हणाली, "मावशी, कडी लावू नका. सायकलच करू नका."

"का गं?"

ती माझ्या टेबलावरची फूटपट्टी सरळ करत राहिली. "त्या शनिवारी घरात एकच लिंबू होतं. मला सकाळपासून उलट्या होत होत्या. आईने ते मला पाण्यात पिळून दिलं, मीठ-साखर घालून. म्हणाली, संध्याकाळी दुसरं आणू. तेव्हा लिंबं लई महाग झाली होती. बाजारात गेली तर संपलेली." तिने पट्टी सोडली. "आबांना, म्हणजे आजोबांना, माहीत नाही. आईला आणि मला माहीत आहे."

"आई तुला काही बोलली?"

"नाही. कधीच नाही. पण माझ्याकडं बघत नाही. बोलते, पण इकडं बघून." तिने भिंतीकडे बोट केलं. "आता सायकल घेतली तर दर शनिवारी ती लिंबू बांधणार आणि मला दिसणार."

मी तिचं माप घेतलं. पायाची लांबी, हाताची लांबी, खांद्याची रुंदी. माझे हात ते काम आपोआप करतात. आसराबाई परत आली तेव्हा मी म्हणाले, रविवारी मी वस्तीवर येते. "कशाला? आमीच येतो की," ती म्हणाली. "नाही, मीच येते," मी म्हणाले.

तेरा महिने मी स्वतःला जे सांगत आले होते, ते नीट मांडलेलं होतं. धोका होता त्या सहाही सायकली सुधारल्या. गेलेला माणूस परत येणार नाही. हे बाहेर गेलं तर माझ्याकडून कोणी फ्रेम करून घेणार नाही, आणि ज्यांना बाजारात सायकल नाही त्यांना कुठेच मिळणार नाही. आसराबाईचं लिंबू ही श्रद्धेची गोष्ट, तिच्यात मी कशाला पडू. या मांडणीत प्रांजली नव्हती. चूक मी दुसऱ्यांदा तशीच केली होती: हिशोब पुरा केला आणि भोक कुठे आहे ते पाहिलंच नाही.

शनिवारी मी मोडक्या फ्रेममधून चार इंचांचा तुकडा कापला, तुटलेलं तोंड आणि कडीसह. रविवारी पिशवीत घालून एसटीने फाट्यावर उतरले आणि वस्तीपर्यंत चालत गेले.

दाराला लिंबू होतं. शेळ्यांच्या गोठ्याला होतं. पाण्याच्या मोटारीच्या पेटीला होतं. आत खुंटीवर प्रांजलीचं दप्तर होतं, त्यालाही. सगळी लिंबं कालची, हिरवी, ताजी.

आसराबाई ओसरीवर ओलं पोतं उलगडून बसली होती. सोयाबीनचे शंभर दाणे त्यात ओळीने मांडून पाच दिवस ठेवायचे आणि किती उगवले ते बघायचं, म्हणजे बियाणं पेरायच्या लायकीचं आहे की नाही ते कळतं. ती मोड आलेले दाणे एका बाजूला काढत होती.

"या. सत्तरच्या वर गेलंय बघा. पेरायला हरकत न्हाई." मग हाक मारली, "प्रांजली, पाणी आण."

पाणी पिऊन मी पिशवीतला तुकडा काढला आणि पोत्याच्या कडेला ठेवला. तिने कडी ओळखली. हात आपोआप कडीकडे गेला आणि मागे आला.

"वहिनी, तुमच्या लिंबाचा काही संबंध नव्हता. नळी आधीच तुटत आली होती. माझ्यामुळे. मी हे भोक पाडलं, कडीसाठी. तिथून चीर गेली. इथे बघा, हे काळं आहे ते जुनं. सहा महिने ती चिरत होती. हे पांढरं तेवढं त्या दिवसाचं."

ती बघत राहिली. "म्हंजी?"

"म्हणजे लिंबू बदललं असतं तरी मोडलीच असती. त्या दिवशी नाही तर चार दिवसांनी."

"पडली म्हणून मोडली म्हणत्यात ना?"

"मोडली म्हणून पडली."

तिची बोटं दाणे वेचत होती, पण आता मोड आलेले आणि न आलेले सगळे एकाच बाजूला जात होते.

"तुला कधी कळलं?"

"बिरूबाबांनी मोडकी सायकल आणली तेव्हा."

"म्हंजी वरीस झालं."

"तेरा महिने."

"तेरा महिने." तिने तो आकडा अगदी हळू म्हटला. "अन् एकदा बी हितं येऊन सांगावं वाटलं न्हाई?"

"वाटलं. आले नाही."

"का?"

माझ्याकडे मांडलेली उत्तरं होती. त्यातलं एकही त्या ओसरीवर उभं राहिलं नसतं. "भीती वाटली."

"कशाची? मी काय करणार होते तुझं?" मग तिला काहीतरी आठवलं. "बाकीच्यांच्या सायकलीला बी लावल्त्या ना कड्या?"

"सहा जणांच्या. सगळ्या काढल्या. नळ्या बदलून दिल्या."

"त्यांना खरं सांगितलंस?"

"नाही. रंग फुकट मारून देते म्हणाले."

"म्हंजी ते अजून तुझं नाव काढून राह्यले गावागावांत." ती हसली, पण ते दुकानातलं हसणं नव्हतं. "अन् मी हितं शनवार मोजून राह्यले."

प्रांजली दारात उभी होती. आसराबाई तिच्याकडे न बघता बोलू लागली, माझ्याशी, पण आवाज तिला ऐकू जाईल एवढा.

"पोरगी तापानं फणफणत होती दिवाळीत. मी जावंला बोलवून घेतलं, म्हणलं तू बघ, मला रानात काम हाय. रानात काय बी काम न्हवतं. हिच्या तोंडाकडं बघितलं की मला ते लिंबू दिसायचं. माझ्याच हातानं पिळलेलं. पोरीचा काय गुन्हा, कळत होतं मला. मला काय कळत न्हवतं? पण मान वळायची न्हाई." तिने पोतं दोन्ही हातांनी गोळा केलं. दाणे त्यातच होते. "हे तू घेतलंस माझ्याकडून. त्यांचं जाऊ दे. सायकल बांधताना चुकी झाली, हुती माणसाच्या हातनं. पण हे तेरा महिने तू बसून घेतले."

मी हो म्हणाले.

ती उठली, पोतं घेऊन आत गेली, आणि चुलीजवळच्या भिंतीकडे तोंड करून बसली. पाठ हलत नव्हती. ती रडत होती की नाही मला कळलं नाही.

प्रांजली पुढे आली आणि तिने तो तुकडा उचलला. त्याचं तुटलेलं तोंड उजेडाकडे धरलं, अगदी मी धरलं होतं तसं.

"हे काळं आधीचं?"

"हो."

"आणि चमकतं ते त्या दिवशीचं."

"हो."

"मग त्या शनिवारी सकाळी हे काळं एवढं होतंच? मी आजारी पडायच्या आधी?"

"होतंच. एवढं, इथपर्यंत. फार तर एखादी वळी कमी असेल."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. भोक कुठे पडलं, खड्ड्यातून जाताना नळी कशी ताणते, ताण भोकाच्या काठावर कसा साठतो, चीर कशी निघते. वर्गात सांगायचे तसं, सावकाश. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न बरोबर होते. पाऊस लागला म्हणून गंजली का? नाही, आधी चिरली, मग गंजली. नीट बघितलं असतं तर माझ्या बाबांना दिसली असती का? रंगाखाली होती, केसाएवढी, नसती दिसली. मी बघितली असती तर? नाही, तुलाही नाही. मला दिसायला हवी होती, कारण ती कुठे असेल हे फक्त मलाच कळू शकत होतं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मी तिसऱ्यांदा सांगू लागले. या वेळी आत पोत्याची सळसळ झाली. आसराबाई वळून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तुकडा धरलेल्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती. जवळ मात्र आली नाही. मी बोलत राहिले, कारण मी थांबले तर ती नजर काढून घेईल असं मला वाटत होतं.

सांगून संपलं.

"हा मी ठेवते," प्रांजली तुकड्याबद्दल म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "आता आबांना सांगा. माझ्यासमोर सांगा. शनिवार चुकला म्हणून गावात त्यांनीच सांगितलंय."

बिरूबाबा दूर बांधावर शेळ्या घेऊन बसले होते. तिथवर नांगरलेलं रान होतं, ढेकळं मोठी. मी चपला काढून हातात घेतल्या आणि ओसरीवरून खाली उतरले.